धारेला त्रास देणारी शेळी: ठेवायची की विकायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे दोन दुभत्या शेळ्या आहेत. धाकटी दुसऱ्या वेताची, व्यायला दीड महिना झालाय. दिवसाला दोन-अडीच लिटर देते, स्वभावानं गरीब आहे, पिल्लांना जीव लावते. पण सड आखूड आहेत, धार दोऱ्यासारखी बारीक पडते, एका वेळेला अर्धा तास जातो आणि निम्मी धार झाली की ती पाय झाडायला लागते. रात्री तुमचा अंगठा ठणकतो. घरचे म्हणतात, विकून टाका. तुम्हाला वाटतं, दुधाला चांगली असलेली शेळी आपला हात दुखतो एवढ्यासाठी काढणं बरोबर नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. हात दुखणं हे शेळी विकायला पूर्ण कारण आहे, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. मात्र हा त्रास शेळीच्या घडणीतून येतोय की दुरुस्त होण्यासारख्या कशातून, हे कळल्याशिवाय विकू नका. धारेला बसलेल्या माणसाला दोन्ही त्रास सारखेच वाटतात. म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे निर्णय बाजूला ठेवा आणि फक्त तपासा.

हिशोबापासून सुरू करते. हाताला सवय असलेला माणूस साध्या सडाच्या शेळीची सव्वा लिटरची धार आठ-दहा मिनिटांत काढतो. तुम्हाला तीस लागतात. म्हणजे दोन वेळचे मिळून रोज चाळीस मिनिटं जास्त. वेत दहा महिन्यांचं धरलं तर हे जादा तास दोनशेच्या घरात जातात, आणि हे सगळे तास त्याच अंगठ्यावर पडतात. ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ असं आपण म्हणतो, पण किती दुधासाठी किती वेळ द्यायचा हे कधीतरी कागदावर मांडावंच लागतं. आठवडाभर दोन्ही शेळ्यांचं दूध आणि मिनिटं लिहून ठेवा, डावा आणि उजवा सड वेगवेगळा. एका सडाला पाच मिनिटं आणि दुसऱ्याला वीस लागत असतील, तर ती घडणीची गोष्ट असण्यापेक्षा त्या एका बाजूला काहीतरी झालेलं असण्याची शक्यता जास्त. मग विकण्याचा विचार सोडून आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता लाथेबद्दल. शेळी लाथ मारते एवढं सांगून भागत नाही, कधी मारते ते बघायला लागतं. बहुतेक वेळा कारण तिथंच सापडतं.

हात लावताक्षणी पाय झाडत असेल तर कातडीला काहीतरी होतंय. हात गार असतील, नख लागत असेल, कासेवरचे केस मुठीत ओढले जात असतील. हे केसांचं कुणाच्या लक्षात येत नाही. कासेचे आणि मांडीच्या आतल्या बाजूचे केस कात्रीनं बारीक कापले की काही शेळ्या दुसऱ्याच दिवशी शांत उभ्या राहतात. मग सड उजेडात नीट बघा. पिल्लांचे दात लागून पडलेल्या चिरा, बारीक पुटकुळ्या, चामखीळ, खपल्या. पिल्लांच्या ओठांवर फोड आणि खपल्या असतील आणि तशाच सडावरही दिसत असतील, तर तो मावा (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूमुळे होणारा कातडीचा रोग) असू शकतो. तो माणसाच्या हातालाही लागतो, म्हणून हातमोजे घालूनच धार काढा आणि डॉक्टरांना दाखवा. अशा शेळीला ‘धारेला वाईट’ म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. तिला दुखतंय.

एकाच बाजूला हात गेला की उसळत असेल तर दगडी, म्हणजे कासेला जंतूंमुळे येणारी सूज, मनात धरा. धारेच्या आधी पहिल्या चार-पाच धारा काळ्या भांड्यात किंवा गडद कापडावर घ्या. गुठळ्या, पाणी, रक्ताची छटा दिसते का बघा. कासेच्या दोन भागांवर दोन तळवे एकाच वेळी ठेवा. एक भाग गरम किंवा टणक लागतो का? वरून काही न दिसणारी दगडीही असते, तिच्यासाठी कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्टचं द्रावण मिळतं. दुधात पेशी जास्त असतील तर ते मिसळल्यावर दूध दाट होतं. शेळीच्या दुधात पेशी मुळातच गाईपेक्षा जास्त असतात, त्यामुळे दोन्ही भागांत थोडा दाटपणा आला तर घाबरू नका. एका भागाचं दूध घट्ट चिकट झालं आणि दुसऱ्याचं पातळ राहिलं, तर तो फरक खरा. औषध चालू केलं तर दूध किती दिवस वापरायचं नाही हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

काही शेळ्या सुरुवातीला शांत असतात आणि निम्म्यावर नाचायला लागतात. तुमची शेळी याच गटातली. याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे खुराक संपतो. शेळी दोन मुठी दाणा पाच-सात मिनिटांत फस्त करते आणि उरलेली वीस मिनिटं तिनं रिकाम्या भांड्याकडे बघत उभं राहावं अशी आपली अपेक्षा असते. दाण्याऐवजी तिला चघळायला वेळ लागेल अशी वैरण द्या, किंवा दाणा तीन-चार वेळा थोडा थोडा टाका. दाणा वाढवत मात्र जाऊ नका, एकदम जास्त दाणा शेळीच्या पोटाला सोसत नाही. शिवाय थकलेला हात घट्ट आणि वेडावाकडा दाबायला लागतो, आणि तेही तिला कळतं. म्हणजे तुमच्याकडे लाथ हा मूळ दोष नसावा. धार लांबते म्हणून ती लाथ मारते. लांबणं कमी झालं तर लाथ आपोआप कमी होईल, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

अगदी शेवटी, कास निपटताना मारत असेल तर आपण जास्त निपटतोय. शेवटचा थेंब काढण्याच्या नादात सड चिमटीत धरून खाली ओढत राहणं शेळीलाही वाईट आणि अंगठ्यालाही. कास हलकेच दोन-तीनदा वर ढोसा, जसं पिल्लू ढुसण्या देतं तसं, आलेलं दूध घ्या आणि उठा.

धार बारीक का पडते, याच्याकडे आता नीट बघू. गाईचं बरंचसं दूध पान्हा सुटल्यावरच खाली येतं. शेळीचं तसं नाही. तिचं बहुतेक दूध दोन धारांच्या मधल्या वेळात कासेच्या खालच्या पोकळीत उतरून बसलेलं असतं. त्यामुळे भरल्या कासेची पहिलीच धार दोऱ्यासारखी निघत असेल तर ‘पान्हा चोरते’ हे कारण पटण्यासारखं नाही. सडाचं तोंडच अरुंद आहे. सुरुवातीच्या धारा जाड आणि नंतरच्या बारीक असतील तर गोष्ट वेगळी. कोमट पाण्याच्या फडक्यानं कास अर्धा मिनिट पुसायची, पुसून झालं की लगेच बसायचं, आणि मध्ये उठायचं नाही. पान्ह्याचा जोर काही मिनिटंच टिकतो, आणि शेळी बिथरली तर तेवढाही टिकत नाही.

धार झाल्यावर रिकामा सड अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून वरून खाली हळूच लाटून बघा. आतून मऊ, सारखा लागला पाहिजे. मधेच वाटाण्याएवढी गाठ किंवा ताठ दोरी लागली तर आत जुन्या जखमेचा व्रण असू शकतो. टोकाला खपली किंवा कडक कडं दिसलं तर तोंड त्यानंच दबलेलं असेल. आणि दोन्ही सड मऊ, टोकं स्वच्छ, तरी दोन्हीकडून सारखीच बारीक धार येते? मग ती तिची जन्मजात घडण आहे. तोंड मोठं करण्यासाठी काडी, सुई, नळी काहीही आत घालू नका, कुणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी. ते तोंड घट्ट मिटतं म्हणून जंतू आत जात नाहीत. एकदा ते सैल झालं की दूध गळणारा, दगडी होणारा सड हाती उरतो.

आखूड सडाला हात कसा लावायचा, हेही सांगते, कारण अर्धा त्रास पकडीत असतो. अंगठा आणि तर्जनीचं कडं सडाच्या मुळाशी, सड कासेला जिथं मिळतो तिथं करा. त्याच्या वर गेलात तर कासेचं मांस चिमटलं जातं आणि लाथ ठरलेली. कडं आधी मिटायचं, म्हणजे सडातलं दूध परत वर पळत नाही. मग मधलं बोट, नंतर जागा असेल तर अनामिका. सड आखूड असेल तर कडं आणि एकच बोट एवढंच काम करतं, करंगळी मोकळी सोडा. ओढायचं नाही, फक्त दाबायचं. मनगट सरळ हवं, आणि ते सरळ राहील इतक्या उंचीवर शेळी उभी हवी. जमिनीवर उकिडवं बसून आखूड सडाची धार काढणं म्हणजे मनगट वाकवून काढणं. गुडघ्याच्या आसपास उंचीचा, मान अडकवायची सोय असलेला स्टँड केला तर निकाल लगेच दिसतो. अंगठा दुमडून त्याच्या हाडावर सड दाबायची सवय असेल तर ती आजच सोडा. तुमचा रात्रीचा ठणका तिथूनही आलेला असू शकतो.

यानंतर एक चाचणी करा, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. धारेचा चांगला हात असलेल्या दुसऱ्या माणसाला दोन-तीन दिवस बसवा. त्यानं पंधरा मिनिटांत काढली तर पकड सुधारायला वाव आहे, शेळी ठेवा. त्यालाही पंचवीस-तीस मिनिटं लागली आणि तो हात झटकत उठला, तर उत्तर मिळालं.

ती पहिल्या वेताची असती तर मी एवढ्यात काही ठरवू नका म्हटलं असतं. पहिलारू शेळीचे सड बहुधा लहान असतात, पुढच्या एक-दोन वेतांत थोडे वाढतात, आणि धारेला उभं राहणं तीही त्याच वेताला शिकते. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत कासेला सूज असते, तेव्हाची धार कुठल्याच शेळीची खरी धार समजू नये. (व्यायल्यावर कास दगडासारखी कडक, अंगात ताप नाही आणि दूध जवळजवळ नाहीच, असं दिसलं तर सीएई या विषाणूची रक्ततपासणी करून घ्या.) तुमची दुसऱ्या वेताची आहे. तिसऱ्या वेतात सड थोडे लांबतील, तोंड मात्र फारसं रुंदावणार नाही. त्या आशेवर अख्खं वर्ष घालवू नका.

तुमच्या अंगठ्याबद्दल मला काळजी वाटते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल आणि कप उचलताना कळ येत असेल, तर बहुधा अंगठ्याच्या कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणाला सूज आहे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटात नस दबतेय. दोन्ही गोष्टी चिमटीच्या धारेनं वाढतात. दुसरी दुर्लक्षित राहिली तर पकडीची ताकद कायमची कमी होऊ शकते. हाताच्या डॉक्टरांकडे आधी जा, आणि त्यांनी विश्रांती सांगितली तर शेळीचा प्रश्न त्या दिवशीच सुटला असं समजा. शेळी दुसरी मिळते.

तरीही विकायच्या आधी एक सोपा मार्ग आहे, तो तपासाच्या काळातही वापरा. पिल्लं दीड महिन्याची आहेत, म्हणजे रात्री वेगळी ठेवता येतील. रात्री वेगळी, सकाळी धार, मग दिवसभर पिल्लं आईजवळ. संध्याकाळची धार वाचते, हात निम्मा सुटतो. तोंड अरुंद असलं तरी पिल्लांना अडत नाही, ती ओढून पितात. फक्त दोन्ही सड पितात का ते बघा, एकाच बाजूला सवय लागली तर दुसरी बाजू तुंबते. घरासाठी दूध कमी मिळेल, पण करडं जोमात वाढतील. तिचं मातृत्व चांगलं असेल तर तिला करडं वाढवणारी शेळी म्हणून ठेवणं हा पूर्ण उपाय होऊ शकतो.

यंत्राचं विचाराल तर हाताचा त्रास त्यानं जातो, वेळ पूर्ण जात नाही. अरुंद तोंडातून यंत्रालाही दूध हळूच मिळतं. मग माणसं ओढ वाढवतात आणि सडाची टोकं खराब करून बसतात. शेळीसाठी 11 ते 12 इंच पाऱ्याएवढी ओढ आणि ठोके देणारा पल्सेटर हवा. नुसती सलग ओढणारी हातपंपाची उपकरणं अशा सडावर वीस मिनिटं लावून ठेवू नका. दोन शेळ्यांसाठी रोज यंत्र धुण्यातही वेळ जातो, तोही हिशोबात धरा.

आता विकायचं ठरलंच, तर कसं. एक म्हणजे दूध काढणं अचानक बंद करून नको. ती सध्या ऐन दुधात आहे, अशात कास तुंबवली तर दगडीला आमंत्रण. दुसरं, ‘हिचे सड आखूड आहेत, तोंड अरुंद आहे, हाताला वेळ लागतो’ हे घेणाऱ्याला पहिल्याच बोलण्यात सांगा आणि त्याला पूर्ण धार स्वतः काढू द्या, दोन धारा काढून बघू देऊ नका. दूध किती आणि मिनिटं किती, याची तुमची आठवड्याची नोंद त्याच्या हातात द्या. कास मोठी दिसावी म्हणून आदल्या वेळची धार न काढता जनावर दाखवण्याची रीत मला अजिबात मान्य नाही. त्यात जनावराचे हाल आहेत आणि माणसाची फसवणूक. योग्य घेणारा तो, ज्याच्याकडे यंत्र आहे किंवा ज्याला करडं वाढवायची आहेत. दोष लपवून दुसऱ्या हातधारेवाल्याकडे दिली तर ती वर्षभरात तिसऱ्या दावणीला जाईल, आणि प्रत्येक ठिकाणी शेळी तुटते, दूध घटते.

दगडी सापडली असेल आणि बरी होत नसेल, किंवा ब्रुसेलोसिसचा संशय असेल, तर दुभती म्हणून विकूच नका. ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातून माणसाला होतो. डॉक्टर सांगतील तसं करा.

तिच्या पिल्लांत पाट (मादी पिल्लू) असेल तर ती ठेवायची का, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. सडाची घडण आईकडून येते तशी बापाकडूनही येते. बोकडाच्या आईचे आणि बहिणींचे सड तुम्ही पाहिलेत आणि ते चांगले आहेत, तर पाट ठेवून पहिल्या वेताची धार बघायला हरकत नाही. बोकडाबद्दल काहीच माहिती नसेल तर हातधारेसाठी ती पाट मी ठेवणार नाही. यापुढे गाभण करताना बोकडाचं अंग बघण्याआधी त्याच्या आईची कास बघायला मागा, शक्यतो धारेच्या वेळी जाऊन.

तुमच्या जागी मी असते तर आजपासून रात्री पिल्लं वेगळी करून एकच धार ठेवली असती, कासेचे केस कापले असते, स्टँडची उंची सुधारली असती आणि दुसऱ्या हाताची चाचणी घेतली असती. दोन्ही सडांना सारखीच बारीक धार आणि दुसऱ्या हातालाही तेवढाच वेळ, असं निघालं, तर याच वेतात, ती दुधात असतानाच, यंत्र असलेल्या माणसाला दिली असती. फक्त ती गेल्यावर थोरली एकटी राहणार नाही याची सोय आधी करा. शेळी एकटी राहत नाही, ओरडून ओरडून खाणं टाकते आणि तिचंही दूध उतरतं. नवी शेळी आणायची असेल तर ती आधी दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, तिची तपासणी होऊ द्या आणि मगच धाकटीला पाठवा. आणि नवी घेताना तिची अख्खी धार स्वतःच्या हातानं काढून बघितल्याशिवाय व्यवहार पक्का करू नका.